मोरसचें बेट आणि तेथील शेतकरी

गुजराथी भाषेंत साखरेस 'मोरस' असें म्हणतात. आपल्या डहाणू-उंबरगांवच्या बाजूस मराठी व गुजराथी या दोन्ही भाषा एकाच बाजारांत नांदत असल्यामुळें हा शब्द आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेला असेल. परंतु साखरेस हें नांव कां पडलें, याचा विचार फार थोड्यांनीं केला असेल. एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरीं जी दाणेदार साखर जहाजांतून उतरत असे, तिचा मोठा भाग मॉरिशस नांवाच्या एका लहानशा बेटांतून येई. मॉरिशसचें लोकांच्या तोंडीं 'मोरस' झालें आणि बेटाचें नांव मालास चिकटलें.

ती साखर ज्या हातांनीं पिकविली ते हात मात्र बहुतांशीं आपल्याच देशांतले होते, व त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या बाजूंचे मराठी हातही होते. आपला माणूस समुद्रापलीकडे न्यावा, त्याच्याकडून ऊस पिकवावा, आणि त्याची साखर परत आपणांसच विकावी, असा हा व्यवहार होता. तो कसा चालला, त्या माणसांचें पुढें काय झालें, आणि ज्याच्या नांवें वीतभर जमीन नव्हती तो मजूर जमीनधारक कसा झाला, हें शेतकरी वर्गानें समजून घेण्यासारखें आहे. यासाठीं त्या बेटाची थोडी माहिती वाचकांपुढें ठेवीत आहों.

बेटाची ठेवण

मॉरिशस हें बेट हिंदी महासागरांत विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें वीस अंशांवर आहे. मादागास्कर या विस्तीर्ण बेटाच्या पूर्वेस तें सुमारें ८०० किलोमीटर असून मुंबईपासून त्याचें अंतर साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक भरतें. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर आहे. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून निराळा काढण्यांत आला. त्याच्या क्षेत्रफळाच्या तिसऱ्या हिश्श्याहून हें बेट किंचित् मोठें, इतकेंच. एवढ्या जागेंत आज सुमारें साडेबारा लाख लोक राहतात. मुख्य बेटाच्या पूर्वेस साडेपांचशें किलोमीटरांवर रॉड्रिग्ज नांवाचें धाकटें बेट आहे. तेथें मका, घेवडा, कांदा व गुरें यांवर लोक निर्वाह करतात.

बेटाची उत्पत्ति ज्वालामुखीपासून झालेली आहे, आणि येथें आपला त्याच्याशीं एक जुना संबंध निघतो. भूगर्भशास्त्रज्ञांचें म्हणणें असें कीं, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतील ज्या तप्त ठिकाणावरून शिलारस वर येऊन दख्खनचें पठार व आपला सह्याद्रि झाला, त्याच ठिकाणावर फार मागाहून मॉरिशस व शेजारचें रियुनियन हीं बेटें तयार झालीं. रियुनियनमधील ज्वालामुखी तर अद्याप जागृत आहे. तेव्हां आपल्या डोंगरांतील काळा पत्थर आणि मॉरिशसच्या शेतांतील काळा पत्थर हे एकाच घरचे म्हणावयाचे. कोंकणांतून गेलेल्या मजुरास भाषा परकी, मालक परका, अन्न परकें मिळालें. पायाखालचा दगड व तांबडी माती एवढीच काय ती ओळखीची होती.

बेटाचा मध्यभाग उंच पठाराचा असून सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर आहे. भोंवतालीं बहुतेक सर्व बाजूंनीं पोवळ्यांच्या खडकांचें कडें आहे. लाटा त्या कड्यावर फुटतात व आंतील पाणी उथळ आणि शांत राहतें. तेथील ऋतु आपल्याहून उलटे आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण व पावसाचा काळ, आणि मे ते ऑक्टोबर हा थंड व कोरडा काळ. वारा बहुधा आग्नेयेकडून वाहतो. त्यामुळें मधल्या पठारावर वर्षास ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर डोंगराच्या आडोशास असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही पडत नाहीं. तेथें पाटाच्या पाण्यावांचून पीक येत नाहीं.

पावसाळ्याच्या दिवसांत तुफानांचें भय असतें. २९ एप्रिल १८९२ च्या तुफानांत बाराशेंच्या सुमारास माणसें मेलीं. फेब्रुवारी १९६० मध्यें 'कॅरोल' नांवाचें तुफान आलें. त्यानें हजारों घरें पाडलीं व त्या वर्षाचें साखरेचें उत्पन्न निम्म्याहूनही खालीं आणलें. बेटावर ऊसच कां माजला, याचें एक कारण या वाऱ्यांत आहे. फ्रेंच लोकांनीं तेथें कॉफी, लवंग, कापूस, नीळ असे अनेक प्रयोग करून पाहिले. परंतु एका रात्रीच्या वाऱ्यानें वाढविलेलीं झाडें मुळासकट जात. ऊस लवतो, आडवा पडतो, पण खोडवा पुन्हां फुटतो. शेतकऱ्यास हें कारण समजावून सांगण्याची गरज नाहीं.

पूर्वेतिहास

अरब खलाशांस हें बेट ठाऊक होतें, व सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीज तेथून येत-जात. परंतु वस्ती कोणीच केली नव्हती. इ. स. १५९८ त डच लोक उतरले व त्यांनीं आपल्या मॉरिट्स नांवाच्या राजपुत्रावरून बेटास नांव दिलें. १६३८ त त्यांनीं वसाहत केली व पुढल्याच वर्षीं जावाकडून ऊस व हरणें आणलीं. आबनुसाचें मोल्यवान् जंगल त्यांनीं तोडलें. न उडणारा 'डोडो' नांवाचा पक्षी सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नामशेष झाला. पुढें १७१० त डच बेट सोडून गेले.

१७१५ त फ्रेंचांनीं बेट घेतलें. १७३५ त आलेला गव्हर्नर ला बूर्दोने यानें पोर्ट लुई हें बंदर बांधलें व उसाची लागवड आणि घाणे वाढविले. याच सुमारास, म्हणजे १७३९ त, इकडे चिमाजी अप्पांच्या फौजेनें तारापूरचा किल्ला व पुढें वसई पोर्तुगीजांपासून घेतली, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे काळाची कल्पना येईल. फ्रेंचांची शेती मादागास्कर व पूर्व आफ्रिका येथून आणलेल्या गुलामांच्या बळावर चालली होती.

डिसेंबर १८१० मध्यें इंग्रजांनीं बेट जिंकलें. परंतु तहांत फ्रेंच मळेवाल्यांची जमीन, कायदा, भाषा व धर्म कायम राखण्याचें वचन दिलें. म्हणून राज्य इंग्रजांचें व जमीन फ्रेंचांची, अशी स्थिति झाली. १८२५ त वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच जकात मॉरिशसच्या साखरेवर घेण्याचें इंग्लंडनें ठरविलें, आणि तेव्हांपासून सारें बेट उसाखालीं जाऊं लागलें. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं गुलामगिरी बंद झाली. मालकांस सुमारें एकवीस लक्ष पौंड नुकसानभरपाई मिळाली. ज्यांनीं जन्मभर घाम गाळला त्या गुलामांस कांहीं मिळालें नाहीं. सुटलेल्या गुलामांपैकीं पुष्कळांनीं ऊसमळ्यांकडे पाठ फिरविली. मळ्यांस माणूस हवा होता, आणि त्या माणसासाठीं मालकांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली.

गिरमिटाचे दिवस

२ नोव्हेंबर १८३४ रोजीं कलकत्त्याहून 'ॲटलस' नांवाच्या जहाजानें ३६ मजूर पोर्ट लुईस उतरले. तेथून पुढें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लाख हिंदी माणसें त्या बेटावर गेलीं. बिहार-बंगाल व मद्रास इलाखा यांकडील भरणा मोठा. मुंबई बंदरांतून गेलेली मराठी मंडळी त्या मानानें थोडी. फसवणुकीच्या तक्रारी फार झाल्यामुळें १८३८ त ही ने-आण थांबविण्यांत आली. परंतु मळेवाल्यांच्या आग्रहावरून १८४२ त कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून ती पुन्हां सुरू झाली.

मजुराकडून पांच वर्षांचा करार लिहून घेत. इंग्रजी 'ॲग्रिमेंट' शब्दाचें 'गिरमिट' झालें आणि त्यावरून हे लोक गिरमिटी म्हणविले गेले. पुरुषास दरमहा पांच रुपये व ठराविक शिधा, असा सामान्य दर असे. करार वाचतां न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेतला जाई. कामावर एक दिवस न गेल्यास दोन दिवसांचा पगार कापावा, असा नियम होता. तो आजाऱ्यासही लागे. करार संपलेल्या माणसासही मोकळीक नव्हती. १८६७ च्या कायद्यानें त्यानें छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगला पाहिजे, असें ठरलें. परवान्याशिवाय रस्त्यावर सांपडला तर उनाड म्हणून तुरुंग. त्याच सुमारास हिंवतापाची सांथ आली व माणसें हजारोंनीं मेलीं.

१८७१ त आदोल्फ द प्लेविट्झ नांवाच्या जर्मन वंशाच्या एका मळेवाल्यानें या लोकांची बाजू घेऊन गव्हर्नराकडे अर्ज केला. त्या अर्जावर ९,४०१ हिंदी मजुरांनीं सह्या व निशाण्या केल्या. मळेवाल्यांनीं प्लेविट्झचा फार छळ केला, पण अर्ज वायां गेला नाहीं. विलायतेहून शाही चौकशी मंडळ आलें व १८७५ त त्याचा अहवाल बाहेर पडला. जुलूम खरा ठरला व कायद्यांत सुधारणा करावी लागली.

हें वाचून आमच्या जमीनदार वाचकांस मळेवाल्यांचा राग येईल, व तो यावा. परंतु त्याच वेळीं आपल्याच ठाणें जिल्ह्यांतील 'लग्नगडी' या चालीची आठवण ठेवणें अप्रामाणिकपणाचें होणार नाहीं. लग्नासाठीं काढलेल्या शेंदोनशें रुपयांपायीं वारली जोडपें सावकाराच्या वा जमीनदाराच्या घरीं वर्षानुवर्षें राबत. त्यांस समुद्र ओलांडावा लागला नाहीं, एवढाच भेद. १९४५ त तलासरी-डहाणू बाजूस वारल्यांनीं वेठीविरुद्ध उठावणी केली, ती उगीच केली नाहीं. परक्या देशांतील अन्याय स्पष्ट दिसतो व घरचा दिसत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे; शेतकऱ्यानें तरी त्यास बळी पडूं नये.

जमीन हातीं आली ती कशी

आतां या कथेंतील आमच्या दृष्टीनें मुख्य भागाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत बीटच्या मुळांपासून साखर निघूं लागली व साखरेचे भाव खालीं आले. मोठे मळे कर्जांत सांपडले. तेव्हां मालकांनीं आपल्या मळ्यांच्या कडेच्या, खडकाळ, दूरच्या जमिनींचे तुकडे पाडून विकण्यास आरंभ केला. या तुकडेविक्रीस तेथें 'मोर्सेलमाँ' असा फ्रेंच शब्द आहे. घेणारे बहुतेक हिंदी होते. पांच रुपयांच्या पगारांतून कवडी कवडी सांठवून, बायकांच्या अंगावरील चांदी मोडून, गाय पाळून दूध विकून, भाजीपाला करून त्यांनीं तुकडे घेतले. तुकडा मिळाला म्हणजे शेत मिळालें असें नव्हे. जमीन दगडांनीं भरलेली असे. ते दगड उचलून शेताच्या मध्यभागीं वा बांधावर त्यांनीं रचून ठेविले. असे काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग आजही उसाच्या शेतांत उभे दिसतात.

१९२० च्या सुमारास बेटावरील उसाच्या जमिनीपैकीं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक हिंदी लोकांकडे आली होती. ज्या पिढीस रस्त्यावर चालण्यास परवाना लागे, तिच्या नातवांच्या नांवावर खातीं झालीं. गांधीजी १९०१ त दक्षिण आफ्रिकेहून परततांना या बेटावर कांहीं आठवडे राहिले; त्यांनीं लोकांस मुलें शिकविण्याचा व राज्यकारभारांत लक्ष घालण्याचा उपदेश केला. १९०७ त मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तेथें गेले व मजुरांचे खटले चालवूं लागले.

परंतु जमीन घेणें एक आणि राखणें दुसरें. लहान शेतकऱ्यास उसाच्या लावणीपासून तोडीपर्यंत पैसा लागतो, आणि तो व्यापाऱ्याकडून वा कारखान्याकडून घेतला तर पीक उभें असतांनाच दुसऱ्याचें होतें. यावर उपाय म्हणून १९१३ त तेथें सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. हिंदुस्थानांत असा कायदा १९०४ त झालेला होता. तोच आदर्श बेटावर नेण्यांत आला.

दुसरें भांडण वजनकांट्याचें व भावाचें. लहान शेतकरी 'उबा' नांवाच्या जातीचा ऊस लावीत. ती जात कणखर, हलक्या जमिनींतही भरपूर वजन देणारी. परंतु तिच्यांत चोथा जास्त व साखर कमी. १९३७ त कारखान्यांनीं उबाचा भाव एकदम शेंकडा १५ नें उतरविला. ऊस तोडून गाडीवर चढल्यावर भाव कळला, तर शेतकऱ्यानें काय करावें? ऑगस्ट १९३७ मध्यें लोक खवळले. युनियन फ्लाक येथील मळ्यावर गोळीबार होऊन चार माणसें मेलीं. त्यानंतर सरकारनें चौकशी केली, आणि वजन, उतारा व भाव यांवर देखरेख करणारी व्यवस्था पुढें उभी राहिली. उसाची किंमत कारखानदारानें मनास येईल ती न देतां निघालेल्या साखरेचा ठराविक हिस्सा ऊसवाल्याचा, अशी पद्धत तेथें रूढ झाली. कित्येक वर्षें हा हिस्सा शेंकडा ७८ होता.

तिसरी गोष्ट विम्याची. १९४६ त तुफान व अवर्षण यांपासून होणाऱ्या नुकसानीसाठीं उसाच्या विम्याचा सक्तीचा निधि निघाला. सर्व ऊसवाल्यांनीं दरसाल वर्गणी भरावी व वाईट वर्षीं त्यांतून भरपाई मिळावी, अशी योजना. १९६० च्या तुफानानंतर तेथील शेतकरी पुन्हां उभा राहिला, त्यास या निधीचा मोठा आधार झाला. आपल्या देशांत पीकविम्याची व्यापक योजना १९८५ त आली, हें लक्षांत घेतां त्या चिमुकल्या बेटानें चाळीस वर्षें आघाडी मारली, असें म्हणावें लागेल.

तेथील मराठी मंडळी

आज मॉरिशसच्या लोकसंख्येंत मराठी वंशाचे लोक शेंकडा दोनच्या आसपास आहेत. बेटाच्या पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यांत कास्काव्हेल वगैरे गांवीं, तसेंच पठारावर व्हाकोआ बाजूस त्यांची वस्ती आढळते. घरांत बहुतेकांची बोली क्रिओल, म्हणजे फ्रेंचापासून झालेली बेटाची सर्वसामान्य भाषा. तथापि शाळांतून मराठी विषय शिकविला जातो, व मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत मराठीचें अध्यापन होतें. गणेशचतुर्थीची तेथें सार्वजनिक सुटी असते. इतक्या थोड्या लोकांच्या सणास एका स्वतंत्र देशानें हा मान द्यावा, ही लहान गोष्ट नव्हे. कोंकणांत ज्यास जाखडी म्हणतात तें नृत्य तेथें 'झाकरी' या नांवानें चालू आहे. पायांची ती चाल व मृदंगाचा तो ठेका रत्नागिरीचा माणूस तत्काळ ओळखील.

पोर्ट लुई बंदरांत गिरमिटी लोक जेथें उतरत त्या जागेस 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ त त्या जागेस जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, आणि दरसाल २ नोव्हेंबर हा दिवस तेथें पाळला जातो. मजूर उतरला म्हणजे त्याचें नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव, उंची व अंगावरील खुणा वहींत नोंदवीत. पुढें छायाचित्रही घेऊं लागले. त्या वह्या महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेविलेल्या आहेत. मजुरावर नजर ठेवण्यासाठीं केलेली ही नोंद आज त्याच्या पणतवंडांस आपलें मूळ गांव शोधण्यास उपयोगी पडते.

एकाच पिकाचा भरंवसा

येथपर्यंतची हकीकत वाचून हें बेट म्हणजे शेतकऱ्याचा स्वर्ग, असा कोणाचा ग्रह होईल तर तो दूर केला पाहिजे. सारें बेट उसाखालीं आणि पोटाचें धान्य बाहेरून, अशी तेथील रचना होती. १९४२ त जपाननें ब्रह्मदेश घेतला व तेथून येणारा तांदूळ बंद झाला. तेव्हां साखरेच्या राशींवर बसलेल्या बेटावर उपासमारीची वेळ आली. ऊसजमिनीचा कांहीं भाग मका, रताळीं व कसाव्याखालीं आणण्याची सक्ती सरकारास करावी लागली.

१२ मार्च १९६८ रोजीं बेट स्वतंत्र झालें, आणि १२ मार्च १९९२ रोजीं प्रजासत्ताक झालें. १९७० पासून कापडाचे व इतर निर्यातीचे कारखाने निघाले; पुढें प्रवासी येऊं लागले. १९७५ च्या करारानें युरोपांतील देश मॉरिशसची ठराविक साखर चढ्या भावानें घेत. परंतु २००६ नंतर त्यांनीं तो भाव पायरीपायरीनें शेंकडा ३६ नें उतरविला व २००९ त जुना करारही संपला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जेथें अडीचशेंच्या घरांत साखर कारखाने होते, तेथें आतां तीनच मोठे कारखाने उरले आहेत. ते चिपाडापासून वीज करतात, खास प्रकारची साखर काढतात, व त्यावर टिकून आहेत. मोठ्यांस हें साधलें. लहान शेतकऱ्यांपैकीं हजारोंनीं ऊस सोडला. मुलें शिकून कचेऱ्यांत गेलीं, मजूर महाग झाला, आणि पणज्यानें दगड वेचून केलेलें शेत पडीक राहिलें. पुष्कळ ऊसजमिनींवर श्रीमंतांचीं घरें व नवीं शहरें उठत आहेत. उसाखालील क्षेत्र १९८० च्या सुमारास होतें त्याच्या निम्म्यावर आलें आहे.

जमिनीवर हक्क नसला म्हणजे काय होतें, याचें याहून कठोर उदाहरणही त्याच प्रदेशांत आहे. चागोस नांवाच्या द्वीपसमूहांत लोक पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या बागांत मजुरी करून राहत. बागा कंपनीच्या, लोकांच्या नांवें कांहीं नाहीं. १९६५ त ब्रिटननें तीं बेटें मॉरिशसपासून तोडलीं व अमेरिकेच्या लष्करी तळासाठीं १९६८ ते १९७३ या काळांत तेथील रहिवाशांस उचलून मॉरिशस व सेशेल्सच्या बंदरांवर आणून सोडलें. मे २०२५ मध्यें या बेटांच्या हक्काबाबत ब्रिटन व मॉरिशस यांच्यांत करारावर सह्या झाल्या. पण मध्यंतरीं एक पिढी परक्या गांवीं मरून गेली.

आपण काय घ्यावें

आमचा कुंभवली-बोईसरचा मुलूख बेट नव्हे. पण पश्चिमेस समुद्र व इतर बाजूंनीं कारखाने व वसाहती, अशी आपल्या शेतांची अवस्था होत चालली आहे. १९६९ त तारापूरचें अणुवीज केंद्र सुरू झालें व त्यानंतर औद्योगिक वसाहत वाढली. त्यानें रोजगार आला, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु भाताच्या खाचराची किंमत आतां मणांवर न होतां गुंठ्यावर होऊं लागली आहे, व घरांत वडील माणसांपुढें रोज तोच प्रश्न आहे: ठेवावें कीं विकावें? याचें उत्तर प्रत्येक घराचें निराळें असणार. मॉरिशसची हकीकत एवढेंच सांगते कीं, तुकडा मिळविण्यास तीन पिढ्या लागल्या आणि सोडण्यास एक पिढी पुरली. एकदां बिनशेती झालेलें खाचर पुन्हां भाताखालीं येत नाहीं.

ज्यांस शेती ठेवावयाची आहे त्यांस या बेटापासून चार गोष्टी घेतां येतील. पहिली, आपल्या सातबाराची नोंद व फेरफार वेळच्या वेळीं पाहून ठेवावे. विशेषतः भावाबहिणींचे वारस लागले आहेत कीं नाहींत याची खात्री करावी. दुसरी, सारी जमीन एका पिकास देऊं नये. घोलवडच्या चिकूचें आज नांव झालें आहे म्हणून घरचा भात, वाल व भाजी बंद करणें शहाणपणाचें नाहीं. तिसरी, एकट्यानें व्यापाऱ्याशीं भाव करूं नये. उबाचा ऊस पिकविणाऱ्यांस जें गोळ्या खाऊन मिळालें तें आपणांस सोसायटीच्या सभेस हजर राहून मिळूं शकतें. चौथी, पीकविम्याचा हप्ता हा वायफळ खर्च समजूं नये. आणि या चारांबरोबर हेंही कीं, आपल्या शेतांत जो राबतो त्याचा हिशेब स्वच्छ ठेवावा. दोन दिवस कापणाऱ्या मळेवाल्यांचें नांव आज कोणी आदरानें घेत नाहीं.

शेवटीं एक विनंति. मुंबई बंदरांतून 'मोरस'ला गेलेल्या माणसांची आठवण आपल्या बाजूच्या कांहीं घरांत कदाचित् असेल. जुनें पत्र, एखादें नांव, अगर आजीच्या तोंडची गोष्ट. तशी कोणाजवळ असल्यास ती लिहून आपल्या संघाकडे पाठवावी. तिकडील वहींत गांवाचें नांव लिहिलेलें आहे. इकडील गांवांत त्या माणसाचें नांव सांपडलें, तर दोन्ही टोकें जुळतील.